देवरुखला गणपतीला ईव्ही न्यावी का? गावाकडच्या चार्जिंगची खरी परिस्थिती सांगा

मुचकुंदा
नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात, गाव देवरुखपासून आत दहा-बारा किलोमीटर. यंदा जुनी डिझेल विकली आणि इलेक्ट्रिक घेतली. बॅटरी ४५ युनिटची. कंपनी ४८९ किलोमीटर म्हणते. चार माणसं, एसी आणि डिकी भरून सामान घेतलं तर हायवेला ३०० च्या पुढे मी धरत नाही. कराड-कोकरूड-मलकापूर-आंबा घाट-साखरपा असं गेलं तर घर पावणेतीनशेच्या आसपास. कराडला एकदा चार्ज केली की पोचतो, त्यामुळे जाण्याची काळजी नाही.

प्रश्न पोचल्यानंतरचा आहे. पाच-सात दिवस राहायचं, मार्लेश्वर, पाहुणे, बाजार, आणि परत घाट चढायचा. अ‍ॅपवर त्या बाजूला दोन ठिपके दिसतात. एक हिरवा आहे, पण त्यावर शेवटचा अभिप्राय आठ महिन्यांपूर्वीचा. दुसऱ्याला फोन केला तर नंबर अस्तित्वात नाही. काकांच्या घरी १५ अँपिअरचा एकच प्लग आहे आणि तो विहिरीच्या पंपाला. संध्याकाळी व्होल्टेज इतकं उतरतं की पंखा फिरतोय का थांबलाय हे बघावं लागतं.

कुणी अलीकडे त्या बाजूला ईव्ही नेली आहे का? बायको म्हणते, एसटीने जाऊ.

खट्याळ खेकडा
वहिनींचा सल्ला ऐकावा. धागा संपला. :)

घाटवाट
मी नेतो, लांज्याला. तुमचा मार्ग बरोबर आहे. एक सूचना मात्र आधीच देतो. अ‍ॅपवर 'मलकापूर' लिहून चार्जर शोधलात तर नीट बघा. कराडला लागून एक मलकापूर आहे, शाहूवाडी तालुक्यातलं एक, आणि तिसरं बुलढाण्यात. आमच्या एका मित्राने शाहूवाडीच्या भरवशावर कराड मागे टाकलं आणि कोकरूडच्या पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो चार्जर कराडच्या मलकापुरातला होता. बायको-पोरांसकट परत फिरला.

आंबा घाटाची भीती बाळगू नका. माणसांसकट दोन टनांची गाडी ५०० मीटर वर न्यायला शुद्ध हिशेबाने पावणेतीन युनिट लागतात. मोटर-गिअरमधली घट धरून साडेतीन म्हणा. उतरताना त्यातलं निम्म्याहून जास्त परत मिळतं. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर ती वीज घेत नाही, ब्रेकच दाबावे लागतात. घाटमाथ्यावर भरून खाली उतरू नका.

डिझेलदादा
वीस लाख घालायचे आणि गावात प्लग शोधत हिंडायचं. आमच्या गावात पेट्रोल पंप नाही, पण किराणा दुकानात बाटलीत पेट्रोल मिळतं. वीज बाटलीत मिळते का?

खट्याळ खेकडा
@डिझेलदादा, आकडा टाकून मिळते. (हलके घ्या.)

नीरजा_स
मी गेल्या मे महिन्यात चिपळूणहून संगमेश्वरमार्गे गेले होते, आई बरोबर होती. दिवसाचा सगळा प्रवास छान झाला. रात्री साडेनऊला एका पंपावरच्या चार्जरपाशी थांबले (कुठला पंप ते लिहीत नाही). चार्जर पंपाच्या मागच्या बाजूला, टँकर उभे राहतात तिथे. दिवा नाही, छप्पर नाही. अ‍ॅपने आधी पाकिटात पाचशे रुपये भरायला लावले, मग ओटीपी येईना कारण तिथे मोबाइलची रेंज एकाच कंपनीची. पंपावरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'ताई, ते आमचं नाय. कंपनीची मानसं येतात कधीतरी.' त्याच्या हातात ना किल्ली, ना कुणाचा नंबर. शेवटी त्यानेच मागचा एमसीबी (जास्त भार झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडून वर केला आणि मशीन सुरू झालं.

पुरुष मंडळी इथे रेंज आणि किलोवॅटची चर्चा करतात. मला आधी दिवा, संडास आणि चहाची टपरी हवी. पाऊण तास बसायचं असतं तिथे.

सागरगोटा
@नीरजा_स +१००. 'ते आमचं नाय' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकलंय.

फेज_न्यूट्रल
वीज वितरणात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला परवाना लागत नाही. त्यानंतरच्या मार्गदर्शक सूचनांत शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक स्टेशन असावं, असं म्हटलं. राज्याच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची गोष्ट आहे. आता देवरुख कुठे बसतं ते बघा. तालुक्याचं मुख्यालय, पण मुंबई-गोवा महामार्ग संगमेश्वरवरून जातो आणि रत्नागिरी-कोल्हापूर साखरप्यावरून. देवरुख या दोघांच्या मधोमध. शहराची चौकट लागू नाही आणि महामार्गाचे २५ किलोमीटरही त्याच्या अंगणातून जात नाहीत. अशी तालुक्याची गावं महाराष्ट्रात ढीगभर आहेत. आणि हे मार्गदर्शन आहे. 'असावं' म्हटलंय, नसलं म्हणून कुणाला दंड होत नाही.

दुसरं. ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर म्हणजे लहान वाडीएवढा भार. गावठाणातल्या रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) तो झेपत नाही, वेगळं रोहित्र बसवावं लागतं. कोकणात पावसाळ्यात फांदी पडली की फीडर जातो. वीज परत येते तेव्हा घरातला दिवा आपोआप लागतो. चार्जर तसा लागेलच असं नाही, त्यातली संरक्षण यंत्रणा कधी कधी कुणीतरी हाताने रिसेट केल्याशिवाय हलत नाही. मशीन खराब नसतं, चौथ्या दिवसापर्यंत कुणी आलेलं नसतं एवढंच. तुमच्या हिरव्या ठिपक्याचं असंच काहीसं झालेलं असू शकेल.

मुचकुंदा
@फेज_न्यूट्रल काका, फार उपयोगी. 'मधोमध' हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावावी का मग?

फेज_न्यूट्रल
लावा, पण आधी अर्थिंग. गाडीबरोबर मिळालेला चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. तुमच्याकडे जांभ्याचा सडा असेल तर उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. नीट खोल खड्डा, कोळसा-मीठ, आणि मीटरपासून प्लगपर्यंत वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. गावातला वायरमन कदाचित म्हणेल, 'न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, लगेच चालेल.' चालतं. आणि न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्याला करंट येतो. हे कुणालाही करू देऊ नका.

एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सलग दहा तास १३-१४ अँपिअर खेचले जातात. साधा प्लग टॉप पिवळा पडून वितळतो, मी हाताळलेले आहेत.

सड्यावरचा
खड्ड्याबद्दल काका बोलले ते शंभर टक्के. मी त्याच भागातला, रस्त्याला छोटं लॉज आणि खानावळ आहे. मे महिन्यात एका पाव्हण्याची गाडी चार्जच होईना. आमच्या वायरमनने मागे जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. पाच मिनिटांत हिरवा दिवा. पाव्हणा बघतच राहिला. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज सकाळी तुळशीला आणि खड्ड्याला पाणी.

आता आमची बाजूपण ऐका. पहिल्या वर्षी लोक न विचारता खोलीतल्या प्लगमधून खिडकीतून वायर काढून गाडी लावायचे. एकदा रात्री एमसीबी पडला, त्याच लाइनवर फ्रीजर होता, त्यात सुरमई. सकाळी वास आला तेव्हा कळलं. गाडी ८० टक्के भरली, सुरमई सगळी गेली. पाव्हणा म्हणतो, 'मी खोलीचं भाडं दिलंय.' आता बाहेर छपराखाली वेगळा १६ अँपिअरचा औद्योगिक प्लग घातलाय, त्याला सबमीटर. युनिटला १५ रुपये घेतो. आमचं मीटर व्यावसायिक आहे, म्हणून दर असा. तरी काही लोक 'घरी तर सात-आठ रुपये पडतात' म्हणून हुज्जत घालतात.

खट्याळ खेकडा
सुरमईला श्रद्धांजली. बाकी चर्चा नंतर.

डिझेलदादा
@सड्यावरचा तुम्ही त्या पाव्हण्याकडून सुरमईचे पैसे घेतले की नाही ते सांगा.

सड्यावरचा
नाय घेतले. दुसऱ्या दिवशी त्याला डाळभात वाढला.

पुणेरी_पंक्चर
मला हे सगळं जुगाड वाटतंय. केंद्राच्या ईव्ही अनुदानाच्या फेम-२ योजनेत हजारो कोटी गेले, २०२३ मध्ये तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जरसाठी ८०० कोटी मंजूर झाले. आता तिच्या पुढच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत. एवढं असून आपण कोळसा-मिठाची चर्चा करतोय? पंपांवर चार्जर बसवायचा आणि तो चालू ठेवायचा, ही सरकारची जबाबदारी आहे. खानावळवाल्याने बादलीने पाणी का ओतायचं?

सड्यावरचा
@पुणेरी_पंक्चर साहेब, बसवायला पैसे मिळतात. चालवायला कोण देणार? एक गाडी आली, २५ युनिट घेतले, युनिटला सहा रुपये सुटले तर दीडशे रुपये. त्यातून जागा, इंटरनेट, दुरुस्ती. स्थिर आकार गाडी आली नाही तरी महिन्याला भरायचाच. आमच्याकडे गाड्या येतात शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. तेव्हा रांग लागते. जुलैत त्या चार्जरखाली कुत्री झोपतात. मला एका कंपनीने विचारलं होतं फास्ट चार्जर लावू का म्हणून. हिशेब केला, नको म्हटलं.

घाटवाट
पंक्चरसाहेबांचा राग रास्त आहे, पण पैसे ज्याचे त्याने मशीन बसवलंय हे दाखवलं की काम झालं, असंच गणित असतं ना? चालू किती दिवस होतं हे कोण विचारतं? काही ठिकाणी तर जुनी १५ किलोवॅटची भारत डीसी मशीनं आहेत. त्यांची गन (गाडीत लावायचा प्लग) सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांना बसायची, आजच्या सीसीएस-२ प्रकारच्या गनवाल्यांना नाही. ठिपका खरा, मशीन खरं, वीजपण चालू, आणि आपल्याला उपयोग शून्य. अ‍ॅपमध्ये सीसीएस-२ ची गाळणी लावूनच बघा.

अनघा देवरुखकर
मी देवरुखातच राहते. आडनावावरूनच कळलं असेल. सगळे चाकरमान्यांच्या चार चाकांचं बोलताय म्हणून लिहिते. गावात इलेक्ट्रिक म्हणजे स्कूटर. माझीच आहे, शाळेत जायला. घरी रात्री लावते, बिल किती वाढलं ते कळतही नाही. आमची अडचण वेगळी आहे. ज्या मुली आतल्या वाड्यांतून येतात, त्यांना परत जाताना चढ आहे, थंडी-पावसात रेंज कमी होते. बाजारात, कॉलेजपाशी, एसटी स्टँडजवळ साधे प्लग असते तर पुरलं असतं. फास्ट चार्जर आला तर तो आमच्या स्कूटरला लागतसुद्धा नाही. त्यामुळे 'गावात चार्जर हवा' म्हणताना कुणासाठी, हे आधी ठरवा.

बंगलोरी_बाबू
@अनघा, केरळमध्ये वीज मंडळाने नेमकं हेच केलंय. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवरच दुचाकी-तीनचाकीसाठी प्लगचे डबे बसवले, राज्यभर हजाराहून जास्त. मोबाइलवरून पैसे भरायचे, प्लग चालू होतो. वेगळं रोहित्र नको, जागा नको. वायनाडला जाताना बघितले.

फेज_न्यूट्रल
खांबाची कल्पना चांगली. फक्त कोकणात डबा माणसाच्या उंचीला, वरून पत्रा आणि आत विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारं यंत्र हवं. आणि तो खांब कुणाच्या दारात आहे ते बघा. ज्याच्या दारात, तोच नंतर त्याची गाडी कायमची लावून ठेवतो.

डिझेलदादा
याला म्हणतात अनुभव.

नीरजा_स
मला एक विचारायचं होतं. पावसात गन लावणं धोक्याचं नाही ना? मे महिन्यातच वळीव आला होता, आई छत्री धरून उभी होती आणि मी देवाचं नाव घेत गन लावत होते.

फेज_न्यूट्रल
गन पूर्ण बसून कुलूप लागल्याशिवाय आणि गाडी-मशीनचं आपसात बोलणं झाल्याशिवाय त्यात वीज सोडलीच जात नाही. त्यामुळे पावसात लावायला हरकत नाही. गन खाली डबक्यात पडलेली असेल किंवा तिच्या तोंडाचं प्लास्टिक फुटलेलं असेल तर मात्र हात लावू नका. छत्री धरणाऱ्या आईंना नमस्कार सांगा.

पुणेरी_पंक्चर
गाडीतून घराला वीज देण्याचं कुणी केलंय का? माझ्या गाडीत ती सोय आहे. मागच्या वर्षी गावी आरती चालू असताना लाइट गेली, मी गाडीतून वायर काढली आणि मखराचे दिवे, दोन पंखे, भजनाचा अ‍ॅम्प्लिफायर सगळं चाललं. शेजारच्या वाडीतले लोक बघायला आले.

खट्याळ खेकडा
सरकारने चार्जर चालवायचा, म्हणणारे पंक्चरसाहेब स्वतःच वाडीला वीज देत होते. वा!

पुणेरी_पंक्चर
:) रात्रभर चालवून फार तर पाच-सहा टक्के गेले. भजन्यांनी खुशीने एक अभंग जास्त म्हटला.

सागरगोटा
अवांतर: मुंबईहून येणाऱ्यांनी काय करायचं? मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. चार्जर आधी की रस्ता आधी?

खट्याळ खेकडा
दोन्हीच्या आधी बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी संपेल.

(संपादकांनी हायवेवरचे चार राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे.)

घाटवाट
धागा भरकटायच्या आत मुचकुंदांच्या प्रश्नाकडे येऊ. हिशेब सोपा आहे. १५ अँपिअरच्या प्लगवर ताशी साधारण ३ युनिट. रात्री दहा तास मिळाले तर घट जाऊन २६-२७ युनिट बॅटरीत, म्हणजे तुमच्या गाडीला साठेक टक्के. हायवेला युनिटला साडेसहा-सात किलोमीटर धरले तरी पावणेदोनशे होतात. तुम्हाला परतताना कराडपर्यंत सव्वाशेच्या आत लागतात, अधिक घाटाचे साडेतीन युनिट. म्हणजे एका रात्रीत काम झालं. मधल्या दिवसांत मार्लेश्वर, बाजार वगैरे शेवटी किती? तीस-चाळीस किलोमीटर. त्यासाठी फास्ट चार्जर कशाला हवा? व्होल्टेज उतरलं तर चार्जिंगचा करंट गाडीतूनच १० अँपिअरवर आणा, रात्री अकरानंतर लावा, दोन रात्री लागतील. तुम्ही पाच-सात दिवस आहातच.

पण पहिल्याच दिवशी लावायला सुरुवात करा. शेवटच्या रात्रीवर ठेवलंत आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर काकांकडे मुक्काम वाढेल.

डिझेलदादा
म्हणजे एवढ्या प्रतिसादांनंतर उत्तर काय, तर विहिरीच्या पंपाचा प्लग. :)

नीरजा_स
@डिझेलदादा, त्यांच्याकडे काकांचं घर आहे म्हणून. ज्याचं गावात घर नाही, फक्त फिरायला आलाय, त्याने काय करायचं? माझी आई आजोळ बघायला गेली होती. आमचं तिथे आता कुणीच नाही.

सड्यावरचा
@नीरजाताई, फोन करून या. खोली घ्या न घ्या, जेवून जा, तेवढ्यात दोन-तीन तास लावा गाडी. भरपूर नाही होणार, पण साखरप्याहून घाट चढून पलीकडे पोचाल इतकी होईल. आमच्यासारखे आणखी दोन-चार जण त्या रस्त्यावर आहेत, पण अ‍ॅपवर कुणी नाही, कारण तिथे नाव घालायला काय काय लागतं ते कळत नाही.

अनघा देवरुखकर
मग आपणच यादी करूया का? ठिकाण, कुठला प्लग, अर्थिंग बघितलंय का, छप्पर आहे का, दर किती, आणि फोन कोण उचलतो. खाजगी नंबर इथे उघड टाकू नका, मला विपूतून (विचारपुशीत) कळवा. मी फोन करून खात्री करते आणि धाग्याच्या वर टाकायला संपादकांना देते. दर सणाआधी पुन्हा फोन करीन, नाहीतर त्याचाही हिरवा ठिपका व्हायचा.

फेज_न्यूट्रल
यादीत 'संडास' आणि 'दिवा' हेही घाला. अर्थिंग कसं तपासायचं ते मी अनघाताईंना लिहून पाठवतो, कोणताही वायरमन करू शकेल.

मुचकुंदा
सगळ्यांचे आभार. काकांशी बोललो. ते म्हणाले, पंपाचा प्लग मिळणार नाही, कारण पहाटे पाणी सोडायचं असतं. पण पडवीत नवीन लाइन घालू, खड्डा खणायला दोन गडी सांगतो, वायर आणि कोळसा तू आण. मीठ घरात आहे. पुढच्या शनिवारी एसटीने एकटाच जाऊन ते काम करून येतोय. गाडी गणपतीलाच नेईन.

बायको म्हणते, शेवटी एसटीने गेलातच ना.

खट्याळ खेकडा
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

घाटवाट
@मुचकुंदा, वायर कराडला घ्या, पुण्यात महाग पडेल. आणि गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परत निघणार असाल तर कराडच्या चार्जरला मोठी रांग असते. सकाळी दहाच्या आत पोचा, किंवा पेठ नाक्याकडून वर येऊन कराडच्या अलीकडेच कुठे मिळतोय का बघा.

मुचकुंदा
पहाटे पाचला निघतो मग. ४ चौरस मिलिमीटरचीच ना वायर? मीटरपासून पडवी वीस मीटर आहे.

फेज_न्यूट्रल
वीस मीटर असेल तर ६ ची घ्या.